धर्मादाय संस्थेत 'फरक' कुणाला मिळतो?

कोल्हापुरातल्या सीपीआर ह्या सरकारी रुग्णालयाच्या गेटसमोर चहाच्या गाड्यावर दोन पाहुण्यांचा वाद रंगला होता. एकाचं म्हणणं, "ह्या संस्था-बिंस्था म्हणजे नुसते पैसे खायचे धंदे." दुसऱ्यानं कप खाली ठेवला. "मग तुझ्या मेव्हण्याची बायपास कुणी करून दिली?" "ती सरकारी योजनेतनं झाली." "आणि योजनेच्या खिडकीपर्यंत त्याला हाताला धरून कुणी नेलं?" पहिला गडी कोल्हापूरचाच, त्यामुळं हार मानायचा प्रश्न नव्हता. त्यानं विषय सरळ दूधदरावर नेला.

पण त्याची शंका अनेकांच्या मनात असते. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात गर्भवतीच्या नातेवाइकांकडं दहा लाखांची अनामत मागितल्याचं प्रकरण गाजलं आणि 'धर्मादाय रुग्णालय' हा शब्द घरोघरी पोचला. गोंधळही सोबत आला. धर्मादाय आहे तर बिल कसलं? संस्था सेवाभावी आहे तर तिथल्या माणसांना पगार कशाला? सरकारनं पाच लाखांची योजना दिली असताना देणगी मागत कोण आणि का फिरतंय? ह्या प्रश्नांना उत्तरं आहेत, आणि ती वाटतात तितकी अवघड नाहीत.

आधी पाया: मालक नसलेली संस्था

आपल्या जिल्ह्यात संस्था म्हटलं की डोळ्यांसमोर दूध संस्था येते. सकाळ-संध्याकाळ दूध घालायचं, फॅट लावून घ्यायची, दहा दिवसांनी बिल. वर्षभराच्या व्यवहारात उरलेल्या पैशातनं दिवाळीला दूध फरक मिळतो. कारण सभासद हा त्या संस्थेचा मालक आहे आणि शिल्लक त्याची आहे.

धर्मादाय संस्थेत हा फरक कुणालाच मिळत नाही. तिथं विश्वस्त असतात, पण ते राखणदार, मालक नव्हेत. शिल्लक उरली तर ती त्याच कामात घालायची. विश्वस्तानं ती घरी न्यायची नाही, पाहुण्या-रावळ्यांत वाटायची नाही आणि उद्या संस्था बंद करायची झाली तरी मालमत्ता स्वतःच्या नावावर करून घ्यायची नाही. 'ना नफा' याचा अर्थ एवढाच. संस्थेनं पैसे मिळवूच नयेत असं कायदा कुठंही म्हणत नाही. मिळवलेल्या पैशाला फक्त घराची वाट बंद केलेली आहे.

महाराष्ट्रात अशा संस्थांवर देखरेख धर्मादाय आयुक्तांची असते आणि तीही १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. पूर्वी ह्या कायद्याच्या नावात 'मुंबई' होतं, आता 'महाराष्ट्र' आहे. पावतीवर नोंदणी क्रमांकाच्या आधी एखादं अक्षर दिसतं, त्याचा अर्थ सहसा कुणी विचारत नाही. 'ए' हिंदू न्यासांचं, म्हणजे ट्रस्टांचं, रजिस्टर, 'बी' मुस्लिम, 'सी' पारशी. 'ई' म्हणजे कुठल्याही एका धर्माशी न बांधलेले न्यास. 'एफ' म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्था, ज्यांना आपल्याकडं दोन्हीकडं नोंद करावी लागते. तिसरा प्रकार कंपनी कायद्यातल्या कलम ८ खालच्या ना-नफा कंपनीचा. मदत मागणाऱ्याला यातला फरक जाणवत नाही, देणाऱ्यानं मात्र बघून ठेवावा.

तालीम मंडळांचं काय, असं कुणीतरी विचारणारच. रक्तदान शिबिरापासून महापुरापर्यंत आपल्याकडं पहिली धाव मंडळांचीच असते. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची असेल तर त्याच कायद्यातल्या कलम ४१क ची परवानगी काढावी लागते. गणेशोत्सवाआधी धर्मादाय कार्यालयात जी गर्दी होते ती ह्याच कागदासाठी.

धर्मादाय रुग्णालय बिल कसं काय लावतं?

लोकांचा सगळ्यात जास्त संताप इथंच होतो, म्हणून जरा सावकाश.

समजा एखाद्या न्यासानं रुग्णालय काढलं. न्यास म्हणून त्याला करात सवलत मिळाली, कुठं सरकारी जमीन मिळाली, कुठं बांधकामात जादा चटईक्षेत्र. ह्या सवलतींच्या बदल्यात त्यानं गरिबांसाठी काहीतरी केलं पाहिजे, म्हणून १९८५ मध्ये कायद्यात कलम ४१कक आलं. पण नेमकं काय आणि किती, यावरनं वर्षानुवर्षं घोळ चालला. शेवटी जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये एक योजना ठरवून दिली. ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे.

तिचा गाभा असा. १०० खाटांचं रुग्णालय असेल तर १० खाटा 'निर्धन' रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० खाटा 'दुर्बल' रुग्णांसाठी सवलतीच्या दरात. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. राहिलेल्या ८० खाटांवर रुग्णालय रीतसर बिल लावू शकतं. म्हणजे 'धर्मादाय' पाटी बघून सगळंच फुकट असं समजायचं नाही, आणि बिल दिसलं म्हणून 'हे धर्मादाय नव्हेच' असंही म्हणायचं नाही.

मग त्या दहा खाटांचा खर्च कोण सोसतं? पैसे भरणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम रुग्णालयानं वेगळ्या खात्यात टाकायची. त्या खात्याला निर्धन रुग्ण निधी म्हणतात, रुग्णालयात सगळे त्याला 'आयपीएफ' म्हणतात. तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल दोन लाख झालं, तर त्यातले चार हजार तुमच्या नकळत कुणाच्या तरी औषधपाण्याला गेले.

आता बारकावा. निर्धन रुग्णाला खाट, नर्सिंग, चादरी, रुग्णालयाकडनं मिळत असेल तर जेवण, नेहमीच्या तपासण्या ह्यांचं बिल लावायचंच नाही. औषधं, इतर साहित्य, हाडात घालायचा रॉड किंवा हृदयातला स्टेंट ह्या गोष्टी खरेदीच्या भावानं मोजायच्या आणि तो खर्च आयपीएफमधनं वळता करायचा. म्हणून खिडकीवर "आयपीएफ संपलाय" असं उत्तर मिळालं तर विचारायचं, की मग खाट आणि नर्सिंगचं बिल कशाचं लावलंय? निधी संपला म्हणून खाटेला भाडं सुरू होत नाही. हा एक प्रश्न माहीत असला की समोरच्याचा आवाज पुष्कळ खाली येतो, असा माझा दोन-तीन वेळचा अनुभव आहे.

तातडीचा रुग्ण असेल तर नियम आणखी स्पष्ट आहे. धर्मादाय रुग्णालयानं त्याला आधी दाखल करून घ्यायचं, जीव वाचवण्यापुरते उपचार करून स्थिर करायचं आणि अनामत मागायची नाही. कागद नंतर.

एवढे नियम आहेत, तर मग मधे संस्था कशाला?

आमच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्या काकांची गोष्ट सांगतो. त्यांच्या बायकोला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. काकांच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी असायची. दिवाळीच्या मिठाईची. तिच्यात रिपोर्ट, रेशनकार्ड, आधारच्या चार-पाच झेरॉक्स, लाइटबिल आणि कुणीतरी लिहून दिलेला पण कुणाच्या नावे करायचा ते मोकळं सोडलेला अर्ज. पंधरा दिवस ते ह्या खिडकीवरनं त्या खिडकीवर फिरले. कुणी वाईट बोललं असं नाही. प्रत्येकानं आपल्यापुरतं खरं उत्तर दिलं, "हे इथं होत नाही."

मग त्यांना एका संस्थेच्या सोशल वर्कर मॅडम भेटल्या. त्यांनी पिशवी टेबलावर उलटी केली आणि कागदांचे तीन गठ्ठे लावले. एक योजनेसाठी, एक तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, एक देवस्थान न्यासाकडं मदत मागायला. रेशनकार्डावर काकूंचं नाव माहेरचं होतं आणि आधारवर सासरचं. सगळं घोडं तिथंच अडलं होतं. मॅडमनी पाच मिनिटांत सांगितलं, आधी हे दुरुस्त करा, बाकी आपोआप हलेल. त्यांनी काकांना एक रुपया दिला नाही.

माझं ह्या सगळ्या विषयातलं म्हणणं ह्या टेबलापाशीच येऊन थांबतं. मदत नाही असं आपल्याकडं फारसं नसतं. ती पाच-सहा खिडक्यांत वाटलेली असते आणि आजारपणात माणसाला खिडक्या मोजायचं भान राहत नाही. चांगल्या संस्थेकडं सगळ्यात मोलाची गोष्ट असते ती वाट माहीत असलेला माणूस.

त्या खिडक्या थोडक्यात अशा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, ठरलेल्या रुग्णालयात, ठरलेल्या आजारांना. तिथं 'आरोग्यमित्र' नावाचा कर्मचारी बसतो, त्याला गाठायचं. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधी. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात, तुमच्या हातात येत नाहीत. सिद्धिविनायक न्यासासारखी देवस्थानंही वैद्यकीय मदत देतात, तीही रुग्णालयाच्याच नावानं. क्षयरोगाच्या रुग्णाला औषधं मोफत आणि आहारासाठी सरकारकडनं महिना १,००० रुपये, शिवाय 'निक्षय मित्र' म्हणून कुणी व्यक्ती किंवा संस्था पोषण आहाराचं किट देऊ शकते.

योजनेत न बसणारा खर्च

काकूंना पुढं रेडिएशनसाठी मुंबईला न्यावं लागलं. रेडिएशन म्हणजे एक दिवस जाऊन यायचं काम नव्हे. आठवड्यातनं पाच दिवस, असे साधारण पाच-सहा आठवडे. रोजचं काम काही मिनिटांचं, पण मुक्काम दीड महिन्याचा. उपचार योजनेत बसले. दीड महिन्याचं भाडं, सोबतच्या माणसाचं जेवण, त्या काळात बंद राहिलेल्या रिक्षाचा हप्ता, घरी ठेवलेल्या पोराची शाळा ह्यांचं 'पॅकेज' कुठल्याच योजनेत नसतं.

रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं बसायचं आणि सकाळी दादरला उतरायचं, हा कोल्हापूरच्या कॅन्सर रुग्णांचा ठरलेला प्रवास. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. तो माहीत नसल्यामुळं काकांनी पहिल्या दोन फेऱ्या पूर्ण तिकिटानं केल्या. उतरल्यावर राहायचं कुठं? परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून बाहेरगावच्या रुग्णांची सोय करते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. अशा जागा नसत्या तर टाटाच्या बाहेरचा फुटपाथ आहेच, आणि तिथं झोपलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

अपंगत्वाचं तर आणखी वेगळं. आजार बरा होतो किंवा होत नाही, अपंगत्वासोबत आयुष्य काढायचं असतं. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर. वसतिगृह, शाळा, प्रशिक्षण असं तिचं काम वाढत गेलं. खुर्ची देऊन फोटो काढणं सोपं आहे. खुर्चीवरच्या मुलीला शाळेत पोचायला उतार, वापरता येईल असा संडास आणि पुढं पोटापाण्याचं काम लागतं. त्याला वर्षानुवर्षं जागेवर असलेली माणसं लागतात.

ही समज ह्या गावाला नवी नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढायला लावली, त्यांना जागा आणि कायमचं उत्पन्न लावून दिलं. पोरांना एकदा पैसे वाटून ते मोकळे झाले असते, तर दसरा चौकात आज एकही बोर्डिंग दिसलं नसतं.

सेवाच करायची तर पगार कशाला?

रक्तपेढीचं उदाहरण घ्या. तालमीच्या शिबिरात पन्नास पोरं रक्त देतात, फुकट. महिन्यानं त्यातल्याच एकाच्या आजीला रक्त लागतं आणि पेढी पैसे मागते. पोरगं भडकतं, "आम्ही फुकट दिलेलं रक्त विकताय होय?"

रक्ताला पैसे नसतातच. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग आणि मलेरिया ह्या पाच गोष्टींसाठी तपासणी करावी लागते. पेशी वेगळ्या काढायच्या, लाल पेशी २ ते ६ अंशांत ठेवायच्या, प्लेटलेट तर पाच दिवसांत वापरायच्या नाहीतर टाकायच्या. रात्री दोन वाजता फ्रीज बंद पडला तर बघायला माणूस पाहिजे. पिशवीचे पैसे ह्या सगळ्याचे असतात, आणि सरकारनं त्यांची कमाल मर्यादा ठरवून दिलेली आहे.

मदत संस्थेचंही तसंच. देणगी फुकट येते, ती योग्य माणसापर्यंत पोचवायचं काम फुकट होत नाही. रिक्षावाल्या काकांचे गठ्ठे लावणाऱ्या मॅडम एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, घेतलेल्या आहेत, त्यांनाही घरभाडं आहे. "आम्ही शंभर टक्के पैसा रुग्णालाच देतो" असं सांगणाऱ्या संस्थेत ऑफिसचं भाडं आणि माणसांचा पगार दुसरा कुणीतरी भरत असतो. त्यात गैर काही नाही, पण कोण भरतं ते विचारावं.

मर्यादाही आहेतच. मोठ्या कंपन्यांना सामाजिक जबाबदारीपोटी, म्हणजे सीएसआरखाली, सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. त्यात कंपनीला स्वतःचा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर दाखवता येत नाही. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला त्यातले २० टक्केच प्रशासनावर घालता येतात, २०२० पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. करसवलत टिकवायची तर उत्पन्नाचे निदान ८५ टक्के हेतूवर खर्च करावे लागतात. ह्या सगळ्यातनंही चोर निसटतात. विश्वस्ताच्या मेव्हण्याच्या दुकानातनं चढ्या भावानं किट घेणं हा त्यातला जुना प्रकार आहे. पण पगार देणं ही चोरी नव्हे.

माझे पैसे खरंच पोचतात का?

व्हॉट्सॲपवर नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो येतो, खाली क्यूआर कोड. काळीज हलतंच. तरीही अर्धा मिनिट थांबा आणि कोड स्कॅन करून पैसे घेणाऱ्याचं नाव वाचा. संस्थेचं खातं असेल तर संस्थेचं नाव येतं. मेसेजमध्ये फाउंडेशन आणि स्क्रीनवर कुणा एकाचं नाव, असं असेल तर पैसे थांबवा. रुग्णालयाला फोन लावून रुग्ण तिथं आहे का एवढं विचारा आणि जमलं तर थेट रुग्णालयाच्या खात्यावर, रुग्णाच्या नावानं भरा.

संस्थेला देत असाल तर नोंदणी क्रमांक मागा. विश्वस्तांची नावं, मालमत्ता आणि घटना, म्हणजे संस्थेची नियमावली, ह्यांची नोंद धर्मादाय कार्यालयात असते, तिची प्रमाणित नक्कल मागता येते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. पाच वर्षांपूर्वी वारलेले गृहस्थ अजून अध्यक्ष म्हणून दिसत असतील तर काय ते समजून घ्या.

करसवलतीबद्दल एक गैरसमज फार आहे. '८०जी' ह्या कलमाची सवलत म्हणजे देणगीएवढा कर वाचतो असं नव्हे. बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम तुमच्या करपात्र उत्पन्नातनं वजा होते, तीही मर्यादेत. पाच हजार दिलेत तर अडीच हजार उत्पन्नातनं वजा, कर त्यावरचा वाचेल तेवढाच. दोन हजारांच्या वर रोख दिलेत तर सवलत नाही. आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ह्यातलं काहीच नाही. सवलतीसाठी देत नसाल तर हा परिच्छेद विसरून जा.

त्यापेक्षा थेट गरिबालाच दिलं तर?

द्यावं की. शेजारच्याला डबा द्यायला कुठल्या नोंदणीची गरज नसते. पण २०१९ च्या महापुरात थेट मदतीचं काय होतं ते आपण पाहिलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी त्याच्याही कितीतरी वर. राज्यभरातनं ट्रक आले. हायवेलगतच्या गावात एकेका घरात बिस्किटांचे चार खोके, आणि आतल्या वाडीत तीन दिवस कुणी नाही. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते. साड्यांना ब्लाउज नव्हते, स्वेटर मात्र पुष्कळ. बायकांना त्या आठवड्यात हवे होते सॅनिटरी पॅड, आणि म्हाताऱ्यांना बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, ज्या पुरात वाहून गेल्या होत्या. हे ट्रकवाल्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. गावात वर्षभर फिरणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्तीला ठाऊक होतं, कुणाच्या घरी डायलिसिसचा पेशंट आहे इथपर्यंत.

आणि नाही म्हणाले तर?

धर्मादाय रुग्णालयात खाट मागताना बहुतेकांची चूक एकच होते, तोंडी मागतात. "बेड शिल्लक नाही" हे उत्तरही तोंडीच मिळतं आणि मग तक्रारीला हातात काही उरत नाही. साध्या कागदावर अर्ज लिहा: रुग्णाचं नाव, आजार, कुटुंबाचं उत्पन्न, निर्धन की दुर्बल गटातनं खाट हवी ते. सोबत तहसीलदारांचा दाखला किंवा रेशनकार्डाची झेरॉक्स जोडा. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडं द्या, हे पद तिथं असतं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळही घ्या. वेळ ह्यासाठी की खाटा सकाळी भरलेल्या असतात आणि दुपारच्या डिस्चार्जनंतर मोकळ्या होतात. घेतला नाही अर्ज, तर तोच मजकूर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात द्या, तिथली पोच घ्या. रिक्षावाल्या काकांची मिठाईची पिशवी आता फाटली आहे, पण पोच घेतलेले कागद त्यांनी वेगळ्या फाइलीत लावलेत. गल्लीत कुणाला दवाखान्याचं काम निघालं की आधी ती फाइल मागायला येतात.